पळताना लघवी गळते त्यांच्यासाठी : पहिले तीन महिने

परभणीच्या कृषी विद्यापीठात सकाळी साडेपाचला आमचा बायकांचा घोळका पळायला जमतो. घोळका म्हणजे सात-आठ जणी. दोन शिक्षिका, एक बँकेतली, एक अंगणवाडीची, बाकीच्या घरचं आवरून येणाऱ्या. गेल्या हिवाळ्यात एक नवी वहिनी यायला लागली. काळ्या कमानीपासून निघालो की पाच-सात मिनिटांत ती थांबायची. "व्हा पुढं, लेस सुटली माझी." तिसऱ्या दिवशी मी तिच्या बुटाकडं बघितलं. लेसला दुहेरी गाठ होती. मी काही बोलले नाही, कारण हीच लेस माझीही दोन वर्षं सुटत होती.

पुढच्या तीन महिन्यांत त्या वहिनीला जे जे सांगितलं ते इथं ओळीनं लिहिते. मी डॉक्टर नाही. दोन बाळंतपणं झाली, एकेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले आणि सहा महिन्यांत काळी लेगिंग घातल्याशिवाय बाहेर पडायची भीती वाटायला लागली, एवढीच माझी पात्रता. पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडं गेले त्यांनी मान वर न करता सांगितलं, "दोन लेकरं झाली की एवढं चालायचंच. पळणं बंद करा." केलं बंद. पळणं थांबलं, वजन चार किलो वाढलं, आणि शिंकताना गळायचं ते गळतच राहिलं. पुढं एका फिजिओथेरपीच्या मॅडमनी नीट शिकवलं, तेव्हा कळलं की चूक कुठं होती.

तिथं नेमकं काय होतं

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या जांघेमधल्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत ती बांधलेली असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि शौचाचं आतडं या तिघांचं ओझं तिच्यावर. त्या झोळीतूनच तिन्ही वाटा खाली येतात. वैद्यकीय भाषेत तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात; मला झोळीच सोपं पडतं, कारण लेकराच्या झोळीसारखंच तिचं आहे. दोर सैल झाला की मधला भाग खाली लोंबतो.

पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दीड ते अडीच पट दणका जमिनीकडून वर येतो. पोटातला दाब क्षणात वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. झोळी त्याच क्षणी वर उचलली गेली तर लघवीची नळी मिटलेली राहते. उशीर झाला, किंवा झोळीत तेवढा जोर नसला, की थेंब निसटतो. नळाचा वायसर झिजल्यावर टाकी भरली की पाणी ठिबकतं, तसंच काहीसं.

बाळंतपण हे मोठं कारण आहे, त्यातही चिमटा लावून झालेलं किंवा बाळ मोठं असलेलं. पाळी जाण्याच्या वयात तिथल्या त्वचेचा आणि स्नायूंचा तजेला कमी होतो, तेव्हाही वाढतं. जुनाट खोकला, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, हे सगळे रोज थोडं थोडं ओझं टाकतात. पण लग्न न झालेल्या, खेळणाऱ्या, तब्येतीनं टणक मुलींनाही हे होतं, आणि त्या तर कुणालाच सांगत नाहीत. त्यांच्याकडं पुढं येते.

आधी तीन दिवस वही

लेकराच्या जुन्या वहीचं मागचं पान पुरे. तीन दिवस चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता काय प्यालात, किती वाजता लघवीला गेलात, कधी गळलं, आणि तेव्हा काय चाललं होतं. जमलं तर मापाचा एखादा जुना मग बाथरूममध्ये ठेवून एका वेळी किती होते तेही बघा. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं आणि दिवसातून सहा ते आठ वेळा जावं लागणं नेहमीचं आहे.

माझ्या वहीत असं होतं: "सोमवार. ५.५०, उतारावर, चमचाभर. ८.१०, शिंक, दोन थेंब. मंगळवार. पळाले नाही, काही नाही. बुधवार. ५.४०, काही नाही. ६.०५, दोरीउड्या, चड्डी ओली." वाचल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं की सपाट रस्त्यावर पहिली पंधरा मिनिटं मी कोरडी असते. मनात मात्र "पळालं की गळतं" असं एकच वाक्य बसलेलं होतं.

वहीवरून प्रकार ओळखता येतो. खोकताना, हसताना, हंडा उचलताना, उडी मारताना जातं ती ताणाची गळती. अचानक जोरात लागते, दाराचं कुलूप काढेपर्यंत दम निघत नाही, नळाचा आवाज आला की सुटते, ती घाईची गळती. कित्येकींना दोन्ही असतात. पळताना होते ती बहुतेक ताणाची. घाईची असेल तर खालचा व्यायाम तोच, पण सोबत धीर वाढवावा लागतो. लागली की धावत सुटायचं नाही. जागेवर थांबायचं, पाच-सहा वेळा पटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची आणि मग चालत जायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा, असं करत मूत्राशयाला वळण लागतं.

आधी डॉक्टर कधी

लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी सुरूच न होणं, दिवसरात्र न थांबता पाझरत राहणं (विशेषतः अवघड बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर), खाली काहीतरी गोळ्यासारखं हाताला लागणं म्हणजे आपण अंग बाहेर येणं म्हणतो ते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, यातलं काहीही असेल तर व्यायामाची वाट न बघता दाखवा. मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरपणा आणि पायात अशक्तपणा एकदम आला तर त्याच दिवशी. फार तहान लागून वरचेवर लघवीला जावं लागत असेल तर साखर तपासा. लघवीची साधी तपासणी तर सगळ्यांनीच करून घ्यावी. जंतुसंसर्ग असला तर आठवडाभराच्या गोळ्यांनी निम्मं काम होतं, आणि तो तसाच ठेवून आपण उगाच स्नायूंना दोष देत बसतो.

आजची सोय

स्नायू तयार व्हायला वेळ लागतो. तोवर घरात बसायचं नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून एवढं करा.

पाळीचं पॅड चालतं, पण ते दाट आणि हळू येणाऱ्या रक्तासाठी बनवलेलं असतं. लघवी एकदम येते, कडेनं निसटते आणि मांडीला घासून सालटं निघतं. लघवीसाठी वेगळी पातळ पॅडं मिळतात. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मागितली की बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांच्या डायपरचं भलंमोठं पाकीट समोर ठेवतात, त्यामुळं मी ऑनलाइन मागवते. धुऊन वापरायच्या शोषक चड्ड्याही मिळतात. त्या महाग वाटतात पण वर्षभर टिकतात. उन्हात वाळवायच्या मात्र. आमच्यातली एक सुती पातळाच्या घड्या घालून पळते आणि तिचं बरं चालतं, फक्त पळून झालं की लगेच बदलते.

लेगिंग काळी किंवा नक्षीची घ्या. करड्या रंगावर एक थेंबसुद्धा बटव्याएवढा दिसतो. ओढणी किंवा एखादा शर्ट कमरेला बांधला तर मनाला आधार वाटतो, आणि मन निवांत असलं की पावलंही सैल पडतात. मांडीच्या घडीला निघताना खोबरेल किंवा व्हॅसलीनचं बोट फिरवा, पॅडवर लागेल इतकं नको. परत आल्यावर नुसत्या पाण्यानं धुवा. आतून साबण, सुगंधी वॉश असलं काही नको, तिथली त्वचा त्यानं आणखी चिडते.

पाणी तोडू नका

हे वेगळं लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडं हीच चूक सगळ्यात जास्त होते. शाळेत, बाजारात, शेतात, एसटी स्टँडवर बाईला जायला धड जागा नसते, म्हणून दिवसभर न पिण्याची सवय लहानपणापासून लागते. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. अशा दिवसात पाणी तोडून पळणं म्हणजे चक्कर येऊन पडण्याची तयारी. शिवाय पाणी कमी पडलं की लघवी पिवळी, कडक होते आणि मूत्राशयाला टोचते. मग कमी असूनही वरचेवर लागते. बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच.

दिवसभरात थोडं थोडं करून प्यायचं. पळायच्या दीड-दोन तास आधीपर्यंत एक पेला, मग निघताना दोन घोट. अर्थात साडेतीनला उठून पाणी कोण पिणार! तर रात्री जेवताना नीट प्या आणि उठल्या उठल्या अर्धा पेला. निघण्याआधी एकदा लघवीला जा. एकदाच. "असू द्यावं, पुन्हा एकदा जाऊन येते" असं तीन-तीनदा केलं की मूत्राशयाला थोड्याशा साठ्यालाच हाक मारायची सवय लागते.

आणि चहा. पहाटेचा कडक चहा पिऊन मी पळायला जायची. चहा-कॉफीनं काहींचं मूत्राशय चाळवतं, सगळ्यांचं नाही. पंधरा दिवस चहा पळून आल्यावर घेऊन बघा आणि वहीत फरक दिसतो का ते तपासा. मला दिसला. माझ्या जावेला शून्य फरक पडला, तिनं चहा सोडलेला नाही.

स्नायू सापडला पाहिजे

सगळ्या लेखातला हा भाग सावकाश वाचा. इथं चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं.

या व्यायामाला केगल म्हणतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली तो मांडला. आपल्याकडं योगाच्या वर्गात मूलबंध आणि अश्विनी मुद्रा शिकवतात, ती मंडळीही याच भागात काम करतात. नाव कुठलंही घ्या, करायचं काय तर झोळी आत आणि वर उचलायची. वाक्य सोपं आहे. मी तीन आठवडे ते रोज केलं आणि गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

मग त्या मॅडमकडं गेले. तिनं एक नॅपकिन घट्ट गुंडाळून लाकडी खुर्चीवर पुढून मागं असा ठेवला आणि त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायला सांगितलं.

"आता आवळा."

आवळलं.

"नॅपकिन जास्त टोचला का कमी?"

"जास्त."

"मग तुम्ही खाली ढकलताय, ताई. तीन आठवडे तुम्ही कुंथत होतात."

ओ माय! शौचाला बसल्यावर करतो तेच मी दिवसातून तीन वेळा, मन लावून, मोजून करत होते. सैल झोळीवर रोज आणखी दाब. ही चूक फार जणींची होते, कारण "जोर लावा" म्हटलं की आपल्याला एकच जोर ठाऊक असतो.

तर आता बरोबर कसं करायचं. चटईवर उताणं पडा, गुडघे दुमडलेले, पाय जमिनीवर. दोन-तीन श्वास सावकाश. आता कल्पना करा, चारचौघांत बसलाय आणि वारा सरायला आलाय, तो अडवायचाय. मागची वाट हळूच मिटा. तीच ओढ पुढं, लघवीच्या वाटेपर्यंत आणा. सगळं मिळून बेंबीच्या दिशेनं आत उचला. मग सोडा, पूर्ण सोडा. उचलण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं आहे.

तपासायचं असं. एक हात पोटावर ठेवा, पोट टणक होऊन फुगत असेल तर चुकतंय. ढुंगण आवळलं जात असेल, मांड्या एकमेकींना चिकटत असतील, तर मोठे स्नायू मदतीला धावून आलेत. श्वास रोखला असेल तर पुन्हा सुरू करा. मोठ्यानं एक, दोन, तीन मोजलं की श्वास अडत नाही. खुर्चीवरच्या नॅपकिनवर बसून बघा: बरोबर असेल तर त्याचा स्पर्श हलका होतो. दार लावून हातात आरसा धरून बघायलाही हरकत नाही. दोन्ही वाटांच्या मधला भाग आत ओढला जाताना दिसतो, चुकत असेल तर बाहेर फुगतो. आपलं अंग आपण बघायला कसली लाज. पण मलाही त्या आरशापर्यंत पोचायला आठवडा लागला हे कबूल करते. स्वच्छ धुतलेलं बोट योनीमार्गात थोडं आत ठेवून आवळलं तर बोटाभोवती पकड जाणवते. ती सगळ्यात खात्रीची खूण.

लघवी करताना धार मध्येच तोडून बघा, असं कुणी सांगेल. ओळख पटावी म्हणून आयुष्यात एकदा ठीक आहे. रोजचा व्यायाम म्हणून नको, मूत्राशय नीट रिकामं व्हायची सवय त्यानं बिघडते.

काही जणींचा स्नायू सैल नसून उलट सतत आखडलेला असतो. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, माकडहाडाजवळ ठणकतं. त्यांनी आवळण्याचा व्यायाम आपल्या मनानं करू नये. त्यांना आधी सोडायला शिकावं लागतं आणि ते फिजिओथेरपिस्टच शिकवेल.

रोजचा रतीब

आठ वेळा आवळून धरायचं. जितके सेकंद धरता येईल तितकेच, सुरुवातीला तीन सेकंदच जमले तर तीनच. मध्ये तेवढीच विश्रांती. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. मग आठ-दहा वेळा पटपट आवळायचं आणि सोडायचं. असं दिवसातून तीन वेळा. पहिले दोन आठवडे पडून, मग बसून, मग उभं राहून, शेवटी चालताना. पळताना आपण उभे असतो, त्यामुळं पडून शंभर वेळा करता आलं तरी परीक्षा उभ्यानंच आहे.

लक्षात कसं राहावं यासाठी जणी काय काय करतात. दूध तापायला ठेवलं की, नळाला पाणी आलं आणि हंडा भरेपर्यंत, मुलांना रिक्षात बसवून दिल्यावर. मी दात घासताना, दुपारच्या मधल्या सुट्टीत आणि रात्री अंथरुणावर करते. मोबाईलचा गजर मला कधीच लागू पडला नाही, तो वाजला की मी बंद करते.

तीन महिने. सहा आठवड्यांत बऱ्याच जणींना फरक जाणवायला लागतो, पण निकाल तीन महिन्यांनीच लावायचा. दोन आठवड्यांनी "काही उपयोग नाही" म्हणून सोडलेल्या मला आजवर चौघी भेटल्यात.

शिंकेच्या आधीचा चिमटा

ही युक्ती मात्र त्याच आठवड्यात कामाला येते. शिंक यायला लागली, खोकला आला, पोतं उचलायचंय, तर आधी अर्धा क्षण आवळा आणि मग शिंका. झोळी आधीच वर असली की दाबाला वाट मिळत नाही. घागर उचलताना सवय लावा, ती पुढं पळण्यातही आपोआप येते.

पळताना मात्र सगळा वेळ आवळून धरायचं नसतं. तसं केलं की स्नायू दहा मिनिटांत थकतो आणि शेवटच्या टप्प्यात जास्त गळतं. निघताना पाच-सहा वेळा पटपट, उतार सुरू व्हायच्या आधी एक-दोनदा, बस्स. बाकी त्याला त्याचं काम करू द्या.

पुन्हा पळायला लागताना

नुकतीच बाळंत झाली असाल तर निदान बारा आठवडे पळणं नको. बाळंतपण नॉर्मल असो की सिझर. सिझर झालं म्हणून झोळीला काही झालं नाही असं नसतं, नऊ महिने ओझं तिनंच वाहिलेलं असतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू चालू असतानाच हलके केगल सुरू करता येतात, डॉक्टरांना विचारून.

बाकीच्यांसाठी पहिली अट: अर्धा तास भरभर चालताना कोरडं राहता आलं पाहिजे. ते जमलं की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. आठवडाभर कोरडं गेलं तर पळायची मिनिटं वाढवा. गळलं तर मागच्या आठवड्यावर परत या, खचायचं कारण नाही. खाली जड जड वाटलं, काहीतरी ओढल्यासारखं झालं, तर त्या दिवशी चालत घरी.

पावलं छोटी आणि थोडी जास्त वेगानं टाका. लांब ढांगा टाकल्या की टाच समोर आपटते आणि दणका वर जातो. आपल्या पावलांचा आवाज ऐका, तो जितका कमी तितकं चांगलं. पोट आत ओढून पळू नका. फोटोत बरं दिसतं, पण पोट आवळलं की दाब खालीच जातो. जमीन कुठली हेही बघा. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा झाडांखालची मातीची वाट बरी. मात्र आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडून पाय मुरगळते, तेव्हा डांबरावर या. उतार सगळ्यात शेवटी, दोरीउड्या त्याच्याही नंतर. झुम्बा आणि नवरात्रातल्या गरब्यातल्या उड्याही त्याच यादीत.

नुसत्या झोळीवर सगळं सोडू नका. ढुंगण आणि पोटऱ्या दणका झेलतात, त्या कमजोर असल्या की तो वर पोचतो. सेतुबंधासन (उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर उचलणं), खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, हे आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी दहा-बारा वेळा. उठताना श्वास सोडत उठायचं. जिममध्ये वजन उचलतानाही तसंच. श्वास कोंडून उचललं की सगळा जोर खाली उतरतो.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी झालं तरी गळतीत फरक पडतो. सत्तर किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. आणि बद्धकोष्ठ घालवा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या म्हणजे उकिडवं बसल्यासारखं होतं आणि कुंथावं लागत नाही.

भरतीच्या पोरींसाठी

बीड, हिंगोली, नांदेडकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळताना दिसतात. त्यांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. वय अठरा-वीस, अंगात कष्ट मुरलेले, तरीही शेवटच्या दोनशे मीटरला किंवा गोळा फेकताना गळतं. त्यांना वाटतं आपल्यात काहीतरी मोठा बिघाड आहे, लग्नात अडचण येईल. नाही गं बाळा. जोरात पळणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलींत हे बरंच आढळतं आणि वरच्या व्यायामानं बहुतेकींचं आवरतं. गोळा फेकताना आधी आवळ, सोडताना "हुं" करून श्वास बाहेर टाक. सर पाणी पिऊ नको म्हणत असतील तर ऐकू नको. अकादमीत सगळे सर असतील तर एखादी ताई, सिस्टर किंवा आशाताईला गाठ. परीक्षेच्या दिवशी मैदानावर तासन्‌तास बसवून ठेवतात, म्हणून पातळ पॅड, एक जादा चड्डी आणि प्लास्टिकची पिशवी बॅगेत असू दे.

तीन महिन्यांनी

तीन महिने नीट करूनही चड्डी ओली होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, इथं स्त्रीरोगाची ओपीडी असते. संभाजीनगर आणि लातूरला फिजिओथेरपीची महाविद्यालयंही आहेत. "ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची तपासणी करून व्यायाम शिकवणारं कोण आहे?" असं सरळ विचारा. सगळेच फिजिओथेरपिस्ट हे काम करत नाहीत.

पुढचे उपायही आहेत. योनीमार्गात बसवायची सिलिकॉनची रिंग मिळते, तिला पेसरी म्हणतात. काही जणी फक्त पळायला जाताना घालतात. पाळी गेलेल्यांना इस्ट्रोजेनचं मलम देतात. घाईच्या गळतीवर गोळ्या असतात. ताणाच्या गळतीवर ऑपरेशन असतं, लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी घालायचं. १९९० च्या दशकापासून ते होतं आणि अनेकींना त्याचा फायदा झालेला आहे. पण प्लास्टिकच्या जाळीच्या पट्टीमुळं त्रास झालेल्या बायकांच्या तक्रारींवरून इंग्लंडमध्ये २०१८ साली अशा ऑपरेशनना स्थगिती दिली गेली. तेव्हा पट्टी कशाची, नंतर काय त्रास होऊ शकतो, हे विचारल्याशिवाय सही नको. आणखी मूल हवं असेल तर हे नंतर.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. "पिशवी काढून टाका, सगळं मिटेल" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. गर्भपिशवी काढल्यानं लघवीची गळती थांबत नाही, काहींची नंतर वाढते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जातात यावरून २०१९ साली एवढा गदारोळ झाला की सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीला दुसरा खरा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

तपासणीला जाताना ती तीन दिवसांची वही सोबत न्या. आणि निघताना लघवी करून जाऊ नका. टेबलावर डॉक्टर खोकायला लावतात, कधी उभं करून. तिथं गळलं तर ओशाळं होऊन सॉरी म्हणू नका, त्यांना तेच बघायचं असतं. ओपीडीत रांग मोठी असते, तेव्हा बॅगेत एक जादा चड्डी ठेवा.